जुन्या-नव्या भागांची तुलना (ग्रामीण विदर्भातील प्रेक्षक)

लोकप्रिय चित्रपटाचा पुढचा भाग आला किंवा गाजलेली मालिका नव्याने निर्माण झाली, की जुने पाहिलेले प्रेक्षक नव्याला त्याच्याशी ताडून पाहतात. ही सवय सर्वत्र आढळते. ग्रामीण विदर्भात तिला कीर्तन, दंडार हे लोकनाट्य आणि पूर्व विदर्भातील झाडीपट्टी नाटक यांच्या प्रेक्षकांची कसोटी लाभली आहे. या प्रकारांतील पौराणिक प्रयोगांत कथा आधीच ठाऊक असते आणि चर्चा होते ती सांगणाऱ्याची, त्याच्या आवाजाची व शब्दफेकीची. पौराणिक मालिकांना हीच फूटपट्टी सहज लागू पडते.

सर्वाधिक वाद होतो तो महाभारतावर. बी. आर. चोप्रा यांची मालिका २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ९४ भागांत दाखवली गेली. तेव्हा खेड्यात संच मोजक्याच घरी असल्याने ओसरी-अंगणात शेजारपाजार जमे आणि वीज गेली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर कृष्णधवल संच चालवण्याची खटपट होई. स्टार प्लसवर २०१३ साली नवे महाभारत सुरू झाले, तोवर बऱ्याच घरी संच पोचले होते आणि पाहणे कुटुंबापुरते उरले होते. जुन्याची बाजू घेणारे राही मासूम रझा यांच्या संवादांचा आणि हरीश भिमानी यांच्या आवाजातील ‘समय’ या निवेदकाचा दाखला देतात. पात्राने जागेवर उभे राहून पल्लेदार वाक्य पूर्ण करावे आणि मग समोरच्याने उत्तर द्यावे, ही रीत नाटकावर वाढलेल्या प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेली आहे. नव्या मालिकेत एका वाक्यानंतर दरबारातील प्रत्येकाचा चेहरा पार्श्वसंगीतासह फिरून दाखवला जातो, याचा त्यांना कंटाळा येतो. जुन्या मालिकांतही दोन बाण आकाशात सावकाश येऊन एकमेकांवर आदळत, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. तरुण प्रेक्षक युद्धाची भव्यता, कर्णाला मिळालेला वाव आणि अधूनमधून प्रेक्षकांशीच बोलणारा कृष्ण यांमुळे नव्याला झुकते माप देतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही.

या तुलनेला स्थानिक किनारही आहे. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर रुक्मिणीचे माहेर मानले जाते, तर चिखलदऱ्याच्या भीमकुंडाशी कीचकवधाची आख्यायिका जोडलेली आहे. त्यामुळे हे प्रसंग मालिकेत किती सविस्तर आले, याची चौकशी त्या भागातला प्रेक्षक आपुलकीने करतो.

रामानंद सागर यांचे रामायण (१९८७–८८) टाळेबंदीत २८ मार्च २०२० पासून पुन्हा प्रसारित झाले. तोपर्यंत सागर यांच्याच निर्मितीसंस्थेने २००८ साली केलेले दुसरे रामायणही येऊन गेले होते. पुनःप्रसारणामुळे वडीलधाऱ्यांकडून नुसते ऐकलेले जुने रामायण मुलांनाही पाहता आले, आणि आजवर आठवणींच्या जोरावर चाललेला वाद दोन्ही पाहून घालता येऊ लागला.

चित्रपटांच्या बाबतीत वरील फूटपट्टी अपुरी पडते, कारण पुढच्या भागाची कथाच नवी असते. महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ (१९९३) हे याचे ठळक उदाहरण होय. गणपती किंवा शारदा उत्सवात वर्गणीतून भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर रात्रभर पिक्चर लावण्याच्या काळातला हा चित्रपट. रामदास पाध्ये यांचा बोलका बाहुला आणि त्याला दिलीप प्रभावळकर यांनी दिलेला आवाज यांमुळे तात्या विंचू लहानथोरांच्या तोंडी बसला. दुसरा भाग २०१३ साली त्रिमितीत आला. परंतु तालुक्याच्या गावी तशी सोय क्वचितच असल्याने अनेकांनी तो पुढे घरच्या टीव्हीवर साधाच पाहिला, म्हणजे ज्या गोष्टीसाठी तो मुद्दाम वेगळा केला होता तीच त्यांच्यापर्यंत पोचली नाही. शिवाय पहिल्या भागाचे नायक लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे प्रेक्षकांचा ‘लक्ष्या’, यांचे २००४ साली निधन झाले होते. ‘लक्ष्याच नाही त मंग पाहाचं काय?’ या वऱ्हाडी शेऱ्यापुढे पटकथेची चर्चा पानठेल्यावर फारशी सरकत नाही.

पाहण्याचा क्रम हाही निकाल फिरवतो. ज्या मुलांनी टीव्हीवर दुसरा भाग आधी आणि पहिला नंतर पाहिला, त्यांना पहिल्यातला बाहुला कमी भीतिदायक वाटतो आणि वडिलांचे हसणे कळत नाही.