पार्श्वभूमी : कॉलेजचे ट्रेक आणि जबाबदारीचा प्रश्न

1953 मध्ये एव्हरेस्ट सर झाले, पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला गिर्यारोहणाची प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि 1965 मध्ये उत्तरकाशीला आणखी एक. तिथून बेसिक कोर्स करून परतलेल्या मुंबई-पुण्याच्या तरुणांनी सह्याद्रीच्या कड्यांवर दोर लावायला सुरुवात केली. कॉलेजांचे हायकिंग क्लब त्यांच्याच शिकवणीतून वाढले.

या क्लबांची खरी घडण दिसते ती अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांसारख्या मोठ्या ट्रेकमध्ये. महिनाभर आधी दोघे-तिघे पायलट ट्रेक करून वाट आणि टाक्यातले पाणी बघून येत. शिध्याची यादी प्रथम वर्षाची मुले करत, तांदूळ-डाळ-कांदे सगळ्यांच्या सॅकमध्ये वाटले जात आणि टोप कोणी उचलायचा यावर हमखास घासाघीस होई. मदनच्या कातळटप्प्यावर अनुभवी मुलगा आधी चढून दोर लावी, खाली एक जण हार्नेसच्या, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्याच्या, गाठी तपासून मगच पुढच्याला सोडी, आणि सर्वांत शेवटी बॅकलीड. आपल्यामागे कोणी राहिलेले नाही, हे बॅकलीडने सांगेपर्यंत पुढचा गट हलत नसे. यंदा मधे चालणारा पुढच्या वर्षी बॅकलीड होई, त्यानंतर लीडर. थकलेल्याची सॅक न सांगता कोण घेतो, वाट चुकल्यावर कोण आवाज चढवतो, हे सगळे पाहूनच पुढचा लीडर ठरे. पैसे वर्गणीचे, नफा कोणाचाच नाही.

या पद्धतीला पहिला मोठा धक्का बसला तो समुद्रावर. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींवर जे निर्बंध घातले, त्यात समुद्रकिनारे, नद्या, विहिरींबरोबर जोखमीचे डोंगरही आले. दुर्घटना भीषण होती आणि कडक पाऊल अपेक्षितच होते. पण पोहायला उतरलेला गट आणि दोर बांधून चढणारा प्रशिक्षित गट एकाच यादीत बसवल्याने प्राचार्यांना सोपा मार्ग मिळाला : परवानगीच द्यायची नाही. क्लब बंद झाले नाहीत, पण अनेक ठिकाणी ट्रेक कॉलेजच्या नावाशिवाय, मित्रांचा म्हणून निघू लागले. म्हणजे ज्या देखरेखीसाठी नियम आले, नेमकी तीच सुटली.

साहसी उपक्रमांसाठी नियमावली आणणाऱ्या 26 जुलै 2018 च्या शासन निर्णयाने वाद आणखी चिघळला. साहसी उपक्रमांत मुले गमावलेल्या पालकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली होती आणि ‘कोणीतरी जबाबदार असायला हवे’ ही त्यांची मागणी कोणालाही नाकारता येणारी नव्हती. मात्र नियमावलीच्या डोळ्यासमोर आयोजक आणि त्याने नेलेले लोक असे दोन पक्ष होते. विद्यार्थ्यांच्या क्लबात हे दोन पक्षच नसतात. शिधा भरणारा, दोर धरणारा आणि चढणारा सगळे सभासद. त्यातला आयोजक म्हणून एकोणीस वर्षांच्या लीडरला धरायचे का, हा प्रश्न गिर्यारोहण संस्थांनी लावून धरला. सल्लामसलत पुरेशी झाली नाही, ही त्यांची तक्रारही रास्त वाटते.

ऑगस्ट 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाने साहसी उपक्रमांची जमीन, हवा आणि पाणी अशी विभागणी करून आयोजकांची नोंदणी पर्यटन खात्याकडे नेली. एव्हाना डोंगरातले चित्रही बदलले होते. समाजमाध्यमांवर जाहिरात करून शनिवार-रविवारी बसभर लोकांना हरिहर किंवा कळसूबाईला नेणारे व्यावसायिक गट वाढले होते आणि नोंदणीची सर्वाधिक गरज त्यांनाच होती. तिथे पैसे भरून आलेला विद्यार्थी गड बघतो, फोटो काढतो. दोराची गाठ मात्र दुसराच कोणीतरी मारून देतो. वर्गणीतून चालणाऱ्या क्लबांसाठी वेगळी, सुटसुटीत चौकट हवी, ही मागणी त्यातूनच पुढे आली आहे : लीडरचा बेसिक कोर्स, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, विमा, आणि निघण्यापूर्वी पायथ्याच्या गावात व कॉलेजात दिलेली नावांची यादी.