कुत्र्याचं खेळणं: कडक म्हणजे टिकाऊ?

‘खेळणं जितकं कडक, तितकं जास्त टिकतं’, हा मेसेज निपाणी-खानापूरकडच्या ग्रुपांवर अधूनमधून फिरतो. तसं वाटणं साहजिक आहे. पण रबर टिकतं ते लवचिकपणामुळे: दात रुतला की दबतं, सुटला की पुन्हा जागेवर येतं. जे दबतच नाही, तिथे दात हरतो. बहुतेकदा वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेची कपची उडते.

म्हणून छोट्या घरगुती कारखान्यात खरी कसोटी साच्यापाशी लागते. गंधक मिसळलेलं रबर साच्यात साधारण १५० अंश सेल्सिअसला शिजवतात. कमी शिजलं तर चिकट राहतं, बोटाचा ठसा तसाच उरतो; जास्त शिजलं तर पुढे भेगा पडतात. जाड खेळणं वरून झकास दिसतं आणि पोटात कच्चं असतं, म्हणून प्रत्येक घाण्यातलं एखादं मधोमध कापून बघायचं. बुडबुडे दिसले तर अख्खा घाणा बाद. नुकसान होतं, पण दुसरा उपाय नाही.

घरी अंगठ्याचं नख दाबून बघा: थोडं रुतावं आणि खूण भरून यावी. पोकळ खेळण्याला दोन भोकं हवीत. एकच असेल तर आतली हवा ओढली जाऊन जीभ अडकू शकते. आणि मुधोळसारख्या लांब जबड्याच्या कुत्र्याला पिल्लाचा चेंडू देऊ नका, तो थेट घशाशी जातो.