जाळ किती घालायचा, हे काहिलीकडे बघून

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फौंड्रीत गेलात, तर क्रेनवरच्या जाळीदार पत्र्याच्या डब्याकडे बघा. वितळलेल्या धातूच्या रसाने भरलेलं भांडं, म्हणजे लॅडल, खाली उतरू लागला की तो डबा तापतो. मी एकदा शिडी चढून त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो, तर तोंडावर चुलीसारखी धग येत होती. लॅडल उतरताना वजनच मोटर फिरवतं, मोटरचा जनरेटर होतो. पण मोटर चालवणाऱ्या साध्या ड्राइव्हच्या तोंडाशी डायोड बसवलेले असतात. ते वीज आत घेतात, परत जाऊ देत नाहीत. मग ती वीज डब्यातल्या रेझिस्टरमध्ये जाळावी लागते. तयार झालेली वीज अशी धगीत घालवणं मला तेव्हापासून खटकतं.

डायोडच्या जागी सहा आयजीबीटी, म्हणजे हवे तेव्हा चालू-बंद करता येणारे इलेक्ट्रॉनिक स्विच लावले, तर वीज दोन्ही बाजूंनी जाऊ शकते. प्रश्न एवढाच, की कोणता स्विच कधी लावायचा? नेहमीच्या पद्धतीत करंटचे दोन भाग पाडतात, प्रत्येकाला वेगळा कंट्रोलर देतात आणि त्यातून स्विचचे पल्स तयार करतात. पद्धत चांगली आहे, पण वळसा मोठा.

आपल्याकडच्या गुऱ्हाळावर गुळव्या असा वळसा घेत नाही. काहिलीतला रस वर यायला लागला की जाळ कमी कर म्हणतो, बसला की चिपाडं सारायला सांगतो. 'डायरेक्ट पॉवर कंट्रोल'चं तत्त्व हेच आहे: पॉवरच बघा आणि लगेच स्विच बदला.

बघायच्या गोष्टी दोन. खरं काम करणारी ॲक्टिव्ह पॉवर आणि नुसती ये-जा करणारी रिॲक्टिव्ह पॉवर. 50 हर्ट्झची एक सायकल 20 मिलिसेकंदांची असते. तेवढं थांबून सरासरी काढत बसलं तर उशीर होतो. त्या-त्या क्षणाची पॉवर मोजायचं गणित जपानच्या हिरोफुमी अकागी आणि सहकाऱ्यांनी 1983 साली मांडलं. ते हाताशी नसतं तर पुढचं काही शक्य झालं नसतं, असं मला वाटतं. त्या पायावर तोशिहिको नोगुची आणि सहकाऱ्यांनी 1998 साली लाइनचं व्होल्टेज मोजणारे सेन्सरही न वापरता ही पद्धत चालवून दाखवली.

तीन फेजच्या तीन जोड्या, प्रत्येकीत वरचा स्विच लागेल किंवा खालचा. म्हणजे एकूण आठच स्थिती. प्रोसेसर विचारतो: ॲक्टिव्ह कमी आहे की जास्त? रिॲक्टिव्ह? आणि व्होल्टेजचा व्हेक्टर, म्हणजे दर सायकलला एक फेरी मारणारा कल्पनेतला बाण, वर्तुळाच्या बारा भागांपैकी कुठे आहे? तीन उत्तरं घेऊन तक्त्यात बघायचं, तिथे लिहिलेली स्थिती लावायची. हे सेकंदाला हजारो वेळा.

रिॲक्टिव्ह शून्य मागितली की पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या पॉवरमधला खऱ्या कामाचा वाटा, एकच्या जवळ जातो. ज्यांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे रिॲक्टिव्हही धरून, येतं त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. आणि लॅडल उतरताना मोटरकडून आलेली वीज ड्राइव्हमधल्या डीसी कपॅसिटरमध्ये साठून त्याचं व्होल्टेज चढलं की ॲक्टिव्हची मागणी उणे होते. वीज लाइनवर परत जाते, शेजारच्या मशिनला उपयोगी पडते.

अडचण खरी आहे. स्विच गरजेप्रमाणे बदलत असल्याने त्यांची फ्रिक्वेन्सी ठरावीक राहत नाही, आणि मग स्विचिंगचा गोंगाट गाळणारा फिल्टर नेमका कोणत्या फ्रिक्वेन्सीसाठी बनवायचा? म्हणून पुढे 'प्रेडिक्टिव्ह' प्रकार आले. त्यात प्रत्येक स्थिती लावली तर पुढच्या क्षणी दोन्ही पॉवर कुठे जातील हे आधी काढतात आणि सर्वांत जवळची निवडतात. फ्रिक्वेन्सी ठरावीक ठेवायची, तर त्यातही एका क्षणात दोन-तीन स्थिती मोजून-मापून लावाव्या लागतात.