बाटलीवरचा लोगो आणि बाटलीची ओळख

घरी कोकमाचे आगळ किंवा तोरांचे (कोवळ्या कैऱ्यांचे) लोणचे करून विकणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो ‘आधी एक लोगो करून घे’ हाच. लोगो होतो, स्टिकरवर येतो, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गिऱ्हाईक मात्र ‘ती हिरव्या झाकणाची बाटली द्या’ असेच म्हणते.

गिऱ्हाईक बरोबरच बोलते. लोगो म्हणजे एक चिन्ह: नाव, अक्षर किंवा चित्र. ओळख म्हणजे माल समोर आला की दर वेळी तेच दिसणारे सगळे. ठरलेले दोन-तीन रंग, एकच अक्षरवळण, बाटलीचा आकार, लेबलवर कुठे काय असते ते, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेतानाची भाषासुद्धा. हिरवे झाकण ही ओळखच होती, पण ती कुणी ठरवलेली नव्हती. पुढच्या खेपेला लाल झाकणे स्वस्त मिळाली की ती गेली.

तपासायचे कसे? लेबलवरचा लोगो अंगठ्याने झाका. तरी माल कुणाचा ते कळले तर ओळख पक्की. लोगोची परीक्षा वेगळी: तो नुसत्या काळ्या रंगात, एक सेंटिमीटर रुंद छापून बघा. माड, होडी, चर्चचा कळस आणि खाली नाव असे सगळे कोंबलेले चित्र इथे नापास होते. शिवाय माड-होडी गोव्यात इतक्या पाट्यांवर आहेत की त्यातून तुमचा माल वेगळा दिसत नाही.

देवनागरी लोगोत दोन चुका नेहमीच्या. अक्षरांत अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. आणि प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसेल तर रफार, वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. म्हणून अक्षरे कर्व्ह करूनच, म्हणजे त्यांच्या रेषाकृती करून, फाइल द्या. डिझायनरकडून सीडीआर (कोरलड्रॉ) किंवा एआय (इलस्ट्रेटर) फाइल, पीडीएफ आणि पारदर्शक पीएनजी मागून घ्या. नुसता जेपीजी बॅनरवर फुटतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर आणखी बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ओळख बिघडते ती रंगात. मोबाइलवरचा झगझगीत हिरवा छापल्यावर मलूल येतो, कारण पडदा आरजीबीत (लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशात) चालतो आणि छपाई सीएमवायकेत (निळसर, किरमिजी, पिवळ्या, काळ्या शाईत). रंगांचे सीएमवायके आकडे एका कागदावर लिहून ठेवा, मंजूर केलेला छापील नमुना जपा आणि प्रत्येक खेप त्याच्याशी ताडून घ्या. पावसाळ्याच्या दमट हवेत साधे कागदी लेबल सुटते, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तेव्हा तर लगदाच होतो. विनाइल किंवा लॅमिनेट केलेले घ्या. उन्हातल्या पाटीवर लाल-पिवळा आधी उडतो, काळा-निळा टिकतो.

पैसे थोडे असतील तर आधी ओळख ठरवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. एक बाटली, दोन रंग, एक फाँट. नीट बसवलेले नाव हाच लोगो म्हणून वर्षभर चालतो.

कायद्याचे थोडे. नाव आणि लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येतात. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला मालाच्या दर वर्गामागे ४,५०० रुपये सरकारी फी, नोंदणी १० वर्षांची, मग नूतनीकरण. लोणचे वर्ग २९ मध्ये येते. नोंदणी होण्याआधी नावापुढे टीएम (™) ही खूण लावता येते. नोंदणीशिवाय वर्तुळातला आर (®) लावणे मात्र गुन्हा आहे. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाला २०२३ मध्ये. ही नावे कुणा एकाच्या मालकीची होत नाहीत, म्हणून तुमचे नाव त्यांहून वेगळे हवे.

आणि लेबल आखताना एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक, शाकाहाराचा हिरवा ठिपका, घटक, तारीख, वजन यांची जागा आधी सोडा. हे नंतर घुसवले की पहिला बळी लोगोचाच जातो.