एप्रिलची फवारणी आणि युरोपातला निकाल

नाशिककडचा द्राक्ष बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, म्हणजे जुन्या काड्या कापून वेलीला नवी फूट आणतो. नव्या फुटींचा जोर आवरण्यासाठी तेव्हा बऱ्याच बागांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, शेतकऱ्यांच्या भाषेत सीसीसी, फवारलं जायचं. हे संजीवक वेलीत जिबरेलिन, म्हणजे वाढ करणारं संप्रेरक, तयार होऊ देत नाही. फूट आखूड राहते आणि काडीतल्या डोळ्यांत घड धरायला मदत होते. पुढे ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. इतक्या महिन्यांनी फवारलेलं काय उरणार, असं कोणालाही वाटेल. पण सीसीसी वेलीत मुरतं आणि त्याचा अंश मण्यांपर्यंत पोहोचू शकतो.

2010 साली युरोपात निर्यात झालेल्या द्राक्षांत हा अंश तिथल्या प्रयोगशाळांना सापडला. तिथली त्याची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम! माल भारतातून तपासूनच निघाला होता, पण इथल्या तपासणीच्या यादीत सीसीसी नव्हतंच. कंटेनर अडकले, निर्यातदार बुडाले आणि बागायतदारांचे पैसे थकले. यादी शेतकऱ्याने केली नव्हती, तरी फटका त्याच्यापर्यंत आला. मला हे अन्यायाचं वाटतं.

निर्यातीच्या साखळीची घडणच अशी आहे, की फटका शेतकऱ्यापर्यंत येतो. घड तोडल्यावर प्रीकूलिंग (माल लगेच थंड करणं), पेटीत बुरशी रोखायला सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद, मग शून्य अंशाजवळच्या कंटेनरमधून काही आठवड्यांचा समुद्रप्रवास. बऱ्याचदा पक्का भाव माल तिकडे पोहोचल्यावरच ठरतो. तोवर खत, औषधं, मजुरी यांचा खर्च शेतकऱ्याने केव्हाच करून टाकलेला असतो.

2006 पासून अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत निर्यातीच्या बागेची प्लॉटवार नोंद होते, त्यामुळे पेटीवरून थेट बाग शोधता येते. ग्राहकाच्या आरोग्यासाठी हे हवंच. मात्र रेसिड्यूची, म्हणजे फवारणीच्या उरलेल्या अंशाची, तपासणी प्लॉटमागे करावी लागते. एक एकरवाल्याच्या किलोमागे तिचा खर्च दहा एकरवाल्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो. तीच गत ग्लोबलगॅप या चांगल्या शेतीपद्धतीच्या प्रमाणपत्राची.

लहान बागायतदाराला इथे गटाचाच आधार आहे. ग्लोबलगॅपमध्ये गटाने प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. सहकारी द्राक्ष संस्थांनी 1991 मध्ये महाग्रेप्स उभी केली, तीही एकट्याला न झेपणारी निर्यात मिळून करण्यासाठी. सीसीसी नंतर तपासणीच्या यादीत आलं. आता यादीत होणारा प्रत्येक बदल खरड छाटणीच्या आधी बागेत पोहोचायला हवा. काढणीच्या वेळी कळून वेलीतला अंश परत काढता येत नाही.