हार्ट-लंग मशीन आणि स्टेरॉइड : एका जुन्या सवयीची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे हृदयाचे रुग्ण ऑपरेशनसाठी नाशिक, मुंबई नाहीतर सुरत गाठतात. परत आल्यावर एकाच्या फाइलीत भूल देतानाच्या औषधांत मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारं औषध, लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या फाइलीत ते नसतं. ऑपरेशन मात्र तेच. या फरकाचं मूळ सत्तरेक वर्षं मागे आहे.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि सूज झपाट्याने उतरली. १९५० मध्ये त्यांना केंडॉल आणि राइशस्टाइन यांच्यासह नोबेल मिळालं. पुढे ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनवर, म्हणजे ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रावर, पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. आपल्याकडे ‘बायपास’ म्हटलं की धमनीला जोड देणं एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण मशीनवर रक्त वळवणं हाही बायपासच, आणि व्हॉल्व्हच्या ऑपरेशनलाही तो लागतो.

या मशीनने जीव वाचले, पण नवं दुखणंही आणलं. रक्त प्लास्टिकच्या नळ्यांना आणि ऑक्सिजनेटरला (रक्तात ऑक्सिजन भरणाऱ्या भागाला) लागलं की ते परकं समजून शरीर चवताळतं. कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं जागी होतात, पांढऱ्या पेशी फुप्फुसात साचतात. ऑपरेशनपुरता महाधमनीवर लावलेला चिमटा काढला की उपाशी राहिलेल्या हृदयात रक्त परत शिरतं आणि दाहात भर पडते. फुप्फुसात पाणी धरतं, रक्तदाब खचतो, किडनी मंदावते. हार्ट सर्जन जॉन किर्कलिन यांच्या गटाने १९८३ मध्ये कॉम्प्लिमेंटचा या त्रासाशी संबंध दाखवला.

मात्र डॉक्टरांनी तोवर वाट पाहिली नव्हती. हा दाह दाबायला साठच्या दशकापासूनच स्टेरॉइड सुरू झालं होतं, तेही वजनाच्या किलोमागे ३० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोनसारख्या डोसात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे १,८०० मिलिग्रॅम; ताकदीने प्रेडनिसोलोनच्या ५ मिलिग्रॅमच्या ४५० गोळ्यांइतकं (मिथाइलप्रेडनिसोलोनचे ४ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५)! रक्तातले दाहाचे आकडे खरोखर उतरत, म्हणून प्रथा टिकली. आकडा उतरला म्हणजे रुग्ण वाचला असं धरलं गेलं, आणि चूक नेमकी इथेच झाली.

मोठ्या चाचण्या फार उशिरा झाल्या. नेदरलँड्समधल्या ४,४९४ रुग्णांच्या चाचणीत (२०१२) किलोमागे १ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं. मृत्यू, हार्ट अटॅक, लकवा, किडनी किंवा श्वास निकामी होणं यांची बेरीज ७.० टक्के, न दिलेल्यांत ८.५. फरक ठोस ठरला नाही. जंतुसंसर्ग मात्र कमी झाला, जे अपेक्षेच्या उलट होतं. २०१५ च्या चाचणीत १८ देशांतले ७,५०७ जोखमीचे रुग्ण होते. भूल देताना २५० आणि मशीन सुरू होताना २५० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन दिलं. मृत्यूत ठोस फरक नाही, उलट हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याच्या नोंदी वाढल्या. तान्ह्या मुलांवरच्या २०२२ च्या अमेरिकन चाचणीतही ठोस फायदा सिद्ध झाला नाही, साखर चढून इन्सुलिन मात्र जास्त लागलं.

म्हणून मोठ्यांना सरसकट स्टेरॉइड देण्याला आज आधार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. दिलंच तर पहिले दोन दिवस साखर वारंवार तपासावी आणि ती १८० च्या खाली राहील असं इन्सुलिन चालवावं. मधुमेह नसलेल्याचीही साखर चढते.

एका गटाची गोष्ट निराळी. दमा किंवा संधिवातासाठी तीन आठवड्यांहून जास्त काळ रोज ५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांची अ‍ॅड्रिनल ग्रंथी, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी, मंदावलेली असू शकते. गोळी अचानक तुटली तर ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब कोसळतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. त्यांना भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम, मग २४ तासांत २०० मिलिग्रॅम शिरेतून देतात. हा डोस दाहासाठी नसून शरीरात कमी पडणारं हार्मोन भरून काढण्यासाठी असतो. गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही कधी कधी स्टेरॉइड असतं. अशी पुडी घेत असाल तर ऑपरेशनला निघताना ती सोबत न्या आणि भूलतज्ज्ञांना दाखवा.