जमीन तिची, पेन्शन त्याची

थायलंडच्या ईशान्येकडच्या ईसान भागात, उदोन थानी किंवा खोन केनच्या आसपासच्या मोठ्या गावांत ‘खेय फरांग’, म्हणजे गोरा जावई, आता नवलाचा राहिलेला नाही. ‘फरांग’ हा आपल्या ‘फिरंगी’चा सख्खा भाऊबंद. फ्रँक लोकांचं नाव अरबी-फारसीच्या वाटेने पूर्वेकडे आलं, कोकण किनाऱ्यावर फिरंगी झालं आणि अयुथयाच्या बंदरात फरांग. थाई भाषेत पेरूलाही फरांगच म्हणतात, त्यामुळे पेरू खाणाऱ्या गोऱ्या जावयावरचा विनोद त्या भागातल्या प्रत्येक लग्नात एकदा तरी होतो.

नवरा अमेरिकी असेल तर अशा घरात एक जाड प्लास्टिकची फाइल असते. लग्नाचा दाखला, घरपुस्तिका (घरात कोण राहतं याची सरकारी नोंद), बायकोच्या नावावरचा जमिनीचा दस्त, नवऱ्याचं बँक पासबुक, अमेरिकेहून आलेली सोशल सिक्युरिटीची, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनची, पत्रं. जोडप्याचा म्हातारपणाचा बेत या कागदांवर उभा असतो आणि त्यातला प्रत्येक कागद वेगळ्या काळात घडला आहे. जमीन नवऱ्याच्या नावावर होत नाही आणि पेन्शन बायकोच्या नावावर सहजासहजी जात नाही. बाकीचं सगळं या दोन गोष्टींच्या मधलं जुळवून घेणं आहे.

अमेरिका आणि सयाम (थायलंडचं जुनं नाव) यांचा पहिला करार १८३३ चा, पण सामान्य अमेरिकी माणूस मोठ्या संख्येने थायलंडच्या खेड्यांपर्यंत पोचला तो व्हिएतनाम युद्धात. उदोन, उबोन, कोरात, नाखोन फानोम, ताखली आणि पट्टायाजवळचा उ-तापाओ हे हवाई तळ १९६० च्या दशकात अमेरिकी विमानांनी भरले. ऐन भरात सुमारे ५० हजार अमेरिकी सैनिक देशात होते. यातले बहुतेक मोठे तळ ईसानमध्ये होते, आणि ईसान हा देशातला सर्वांत गरीब, कोरडवाहू भातशेतीचा भाग. डॉलरला २० बात (थाई चलन) मिळत, म्हणजे साध्या शिपायाचा पगारही गावाच्या मानाने गडगंज. तळाभोवती बार, धोबी, शिंपी आले, आणि ‘मिआ चाओ’ हा शब्दही आला. शब्दशः अर्थ भाड्याची बायको. त्या शब्दाचा डाग पुढे रीतसर लग्न केलेल्या बायकांनाही चिकटला, आणि आजही एखादी ईसानी बाई गोऱ्या नवऱ्याबरोबर बँकॉकमध्ये फिरते तेव्हा लोकांच्या नजरेत तो कुठेतरी असतो.

१९७६ मध्ये तळ रिकामे झाले. मागे मुलं राहिली. अमेरिकेने १९८२ मध्ये अमेराशियन, म्हणजे अमेरिकी बापाच्या आणि आशियाई आईच्या, मुलांसाठी स्थलांतराचा कायदा केला, त्यात थायलंडही होतं. थायलंडमध्ये मात्र परदेशी बापाच्या मुलाला थाई आईच्या नात्याने थाई बापाइतक्याच हक्काने नागरिकत्व मिळू लागलं ते १९९२ च्या दुरुस्तीनंतर. ज्यांनी लग्न करून बायकोला अमेरिकेत नेलं, त्यांच्यासाठी १९६५ च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने दार उघडलेलं होतं. नागरिकाच्या बायकोला कोट्याची रांग नव्हती. या बायका लष्करी तळांच्या गावांत आणि लॉस एंजेलिसमध्ये स्थिरावल्या. निवृत्तीनंतर ईसानला परतणाऱ्या जोडप्यांची जुनी पिढी हीच, आणि पेन्शनच्या बाबतीत सर्वांत सुखीही हीच. ते का, हे पुढे येईल.

आता जमीन. १९५४ च्या थाई जमीन कायद्याच्या ८६ व्या कलमाने परदेशी माणसाला जमीन फक्त त्याच्या देशाशी झालेल्या तशा कराराच्या आधारे घेता येते, आणि जमिनीची मुभा देणारे करार १९७० पर्यंत संपवले गेले. १९६६ मध्ये झालेला अमेरिका-थायलंड मैत्री करार पुष्कळांना फसवतो. त्याने अमेरिकी माणसाला थायलंडमध्ये बहुसंख्य मालकीचा धंदा काढता येतो, पण जमिनीची मालकी त्या करारातून स्पष्टपणे वगळलेली आहे.

खरी मेख बायकोच्या बाजूला होती. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या थाई बाईला १९९९ पर्यंत स्वतःच्या नावावर जमीन विकत घेता येत नव्हती. तिच्या पैशाआडून नवरा जमीन घेईल, हा सरकारचा संशय. त्यात २००५ पर्यंत लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावणं बंधनकारक होतं, त्यामुळे ओळखपत्रावर फरांग आडनाव दिसलं की जमीन कार्यालयातला कारकून फाइल बाजूला ठेवी. म्हणून कित्येक जोडप्यांनी गावासमोर थाटात लग्न केलं पण नोंदणी केलीच नाही. मनगटाला पांढरे दोरे बांधून झाले, ‘सिन सोत’ची रक्कम ताटात मांडून झाली. (सिन सोत म्हणजे मुलीच्या आईबापांना वराकडून दिली जाणारी रक्कम. हुंड्याच्या उलट, आपल्याकडच्या देजासारखी.) कायद्याच्या लेखी ती बाई मात्र अविवाहितच राहिली.

मार्च १९९९ मध्ये गृहमंत्रालयाने नियम बदलला. बायको जमीन घेऊ शकते, पण नवऱ्याने तिच्याबरोबर जमीन कार्यालयात लिहून द्यायचं की हा पैसा तिची वैयक्तिक मालमत्ता आहे, ‘सिन सुआन तुआ’. या एका ओळीचे परिणाम अनेकांना सही करताना कळत नाहीत. पैसे नवऱ्याच्या पेन्शनीतून आलेले असोत, सही झाली की ते तिचे. पुढे घटस्फोट झाला तर वैवाहिक मालमत्तेच्या वाटणीत त्या जमिनीवर त्याला बोट ठेवता येत नाही.

म्हणून जाणकार जोडपी जमिनीबरोबर आणखी एक नोंद करून घेतात. ‘सित केप किन’, म्हणजे पीक काढून खाण्याचा हक्क, हा हयातीपर्यंतचा उपभोगाचा अधिकार दस्ताच्या मागे नोंदवता येतो. बायको आधी गेली आणि जमीन तिच्या भावाकडे गेली तरी नवऱ्याला घरातून काढता येत नाही. ३० वर्षांचा भाडेपट्टा हा दुसरा मार्ग. तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा नोंदवला नाही तर तो तीन वर्षांपलीकडे टिकत नाही. पण इथे एक फट आहे. थाई नागरी संहितेच्या १४६९ व्या कलमाने नवरा-बायकोतला कुठलाही करार लग्न टिकून असताना किंवा ते संपल्यापासून एका वर्षात दोघांपैकी कुणालाही रद्द करता येतो. उपभोगाचा हक्क त्यामुळे बायको वारली तर आधार देतो, बायको रागावली तर फारसा नाही. शक्य असेल तर हा हक्क जमीन सासऱ्याच्या नावावर असतानाच त्यांच्याकडून नोंदवून घ्यावा. तो नवरा-बायकोतला करार ठरत नाही.

जमीन घेताना दस्ताच्या माथ्यावरच्या गरुडाचा रंग बघायचा. लाल गरुड म्हणजे ‘छनोत’, मोजणी होऊन हद्दी पक्क्या झालेली पूर्ण मालकी. हिरवा आणि काळा गरुड म्हणजे ताब्याचे दाखले, त्यांत मोजणीची खात्री उतरत्या क्रमाने. ईसानमध्ये स्वस्तात मिळणारी बरीच जमीन मात्र ‘सोर पोर कोर’ असते, १९७५ च्या जमीन सुधारणा कायद्याखाली कसणाऱ्याला दिलेली. आपल्या भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीसारखीच तिची गत. ती वारशाने जाते, विकता येत नाही. तरी गावात कच्च्या कागदावर ती ‘विकली’ जाते आणि त्यावर फरांगच्या पैशाने घरं उभी राहतात. मोजमाप राई, ङान आणि चौरस वा यांत असतं. एक राई म्हणजे १६०० चौरस मीटर, जवळपास १६ गुंठे. राईचा चौथा भाग ङान, आणि एक चौरस वा चार चौरस मीटरचा.

रस्त्यालगतचं भातखाचर घेतलं तर ते रस्त्यापेक्षा खाली असतं. भराव टाकावा लागतो, त्याचा हिशेब ट्रकच्या खेपांवर. भराव टाकल्यावर निदान एक पावसाळा जमीन बसू द्यायची, दोन गेले तर बरं. व्हिसा हातात आहे, घाई आहे म्हणून त्याच उन्हाळ्यात जोतं बांधलं तर दोन वर्षांत अंगणातली फरशी भिंतीपासून सुटते आणि सांडपाण्याचे पाइप जोडात तुटतात. घराचे खांब खोलवर घट्ट जमिनीत असतात, ते हलत नाहीत. आजूबाजूचा भराव खाली बसतो आणि पाइप त्याच्याबरोबर ओढले जातात.

नवऱ्याच्या राहण्याच्या परवान्याला आधार आहे १९७९ च्या स्थलांतर कायद्याचा. वर्षभराच्या मुदतवाढीचे दोन मार्ग आहेत. थाई बायकोच्या आधारे मागायची तर बँकेत दोन महिने ४ लाख बात किंवा महिना ४० हजार उत्पन्न. वय ५० पुरं असेल आणि निवृत्त म्हणून मागायची तर ८ लाख बात किंवा महिना ६५ हजार. निवृत्तीच्या वाटेला कागद कमी लागतात. विवाहाच्या वाटेला बँकेतले पैसे निम्मे, पण अम्फोतून, म्हणजे तालुका कचेरीतून, विवाहनोंदीचा ताजा उतारा, घराचा हाताने काढलेला नकाशा, घर क्रमांक दिसेल असा दोघांचा फोटो, खोल्यांमधले फोटो, आणि कधी अधिकारी घरी येऊन शेजाऱ्यालाही विचारतात. आधी अर्ज विचाराधीन असल्याचा महिनाभराचा शिक्का मिळतो, वर्षाचा नंतर.

जुन्या काळी उत्पन्न दाखवणं सोपं होतं. दूतावासात शपथेवर आकडा सांगायचा, शिक्का घ्यायचा. अमेरिकी दूतावासाने १ जानेवारी २०१९ पासून ती पत्रं देणं थांबवलं. आता उत्पन्नाचा मार्ग घ्यायचा तर १२ महिने दरमहा परदेशातून पैसे आल्याचं पासबुकात दिसावं लागतं, तेही परदेशी जमा असा कोड पडून. स्वस्त पडतं म्हणून एखाद्या अॅपने पैसे पाठवले आणि ते बँकेत स्थानिक जमा म्हणून पडले, तर तो महिना धरत नाहीत. त्याच वर्षी निवृत्तीच्या मार्गाला नवी अट आली. मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने ८ लाख तसेच ठेवायचे, नंतरही ४ लाखांच्या खाली उतरायचं नाही. एक दिवस एक बात कमी पडला तरी पुढच्या वर्षी अडचण. आणि परत येण्याचा परवाना न काढता मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेलं, तर वर्षाची मुदतवाढ विमानतळावरच संपते. तो परवाना एका फेरीला १ हजार बात, अनेक फेऱ्यांना ३,८०० बात.

दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो, १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत. चुकलं तर २ हजार बात दंड. याशिवाय घरमालकाने घरात परदेशी राहायला आल्याची खबर २४ तासांत द्यायची असते. घरमालक बायको, परदेशी नवरा. म्हणजे स्वतःच्या नवऱ्याची वर्दी तिनेच द्यायची.

या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक क्षुल्लक दिसते: नवऱ्याच्या नावाचं थाई लिप्यंतर. लग्नासाठी वाणिज्य दूतावासातून अविवाहित असल्याचं शपथपत्र, त्याचं थाई भाषांतर, बँकॉकमधल्या चेंग वत्थनाच्या परराष्ट्र खात्यात त्यावर शिक्का, मग अम्फो, असा क्रम आहे. भाषांतर करणारा त्या दिवशी जे स्पेलिंग लिहील ते विवाहनोंदीत जातं. पुढे परदेश्यांच्या पिवळ्या घरपुस्तिकेत दुसऱ्याने वेगळं लिहिलं, बँकेत तिसऱ्याने, की एकच माणूस कागदोपत्री तीन होतो. पहिल्याच दिवशी स्पेलिंग ठरवून त्याचा कागद खिशात ठेवावा.

पेन्शनची बाजू तितकी प्रसिद्ध नाही आणि जास्त महाग पडते. अमेरिकी सोशल सिक्युरिटी थायलंडमध्ये मिळते; तिचं कामकाज मनिलाहून चालतं. पण नवऱ्याच्या खात्यावर बायकोला मिळणाऱ्या लाभासाठी, आणि तो गेल्यावर विधवा म्हणून मिळणाऱ्या पेन्शनसाठी, पैसे अमेरिकेबाहेर राहून घ्यायचे तर, बिगर-नागरिक बायकोने त्याची बायको म्हणून एकूण पाच वर्षं अमेरिकेत राहिलेलं असावं लागतं. हा नियम १९८५ पासून पात्र होणाऱ्यांना लागू आहे. अमेरिकेशी सामाजिक सुरक्षेचा करार असलेल्या देशांच्या नागरिकांना सूट आहे, पण थायलंडचा तसा करार नाही. (भारताचाही नाही, तेव्हा अमेरिकेत नोकरी करून परतलेल्या मराठी माणसानेही हे बघून ठेवावं.) युद्धकाळात बायकोला अमेरिकेत नेलेली जुनी जोडपी म्हणूनच निर्धास्त आहेत; त्या बायकांची पाच वर्षं कधीच भरली, पुष्कळजणी तिथल्या नागरिकही झाल्या. साठीनंतर ईसानमध्ये येऊन लग्न केलेल्याची बायको मात्र त्याच्या मृत्यूबरोबर त्या पेन्शनीला मुकते. पाच वर्षं सलग असावी लागत नाहीत, पण पुरावा लागतो: पासपोर्टवरचे शिक्के, करविवरणं, भाडेकरार.

पेन्शन चालू ठेवायलाही एक फॉर्म आहे. जिवंत आहात का, लग्न झालं का, अशा प्रश्नांचा, ठरावीक काळाने टपालाने येणारा. गावातलं टपाल किराणा दुकानात पडून राहिलं आणि फॉर्म परत गेला नाही, की पैसे थांबतात. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, थायलंडमध्ये चालत नाही. तरी त्यातल्या पार्ट बी या भागाचा हप्ता, २०२५ मध्ये महिना १८५ डॉलर, भरत राहायचं की सोडायचं हा प्रश्न असतो. सोडून पुन्हा घेतलं तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे १० टक्के कायमचा दंड. बायकोला सरकारी इस्पितळात ३० बातमध्ये उपचाराची योजना आहे, नवऱ्याला पूर्ण बिल.

व्हिसासाठी ठेवलेले ४ लाख बात हेही डॉलरमागे ४० बातपेक्षा कमी दराने १० हजार डॉलरच्या वर जातात, आणि परदेशी खात्यांत वर्षात एकदाही एवढी रक्कम झाली की अमेरिकेला कळवणं सक्तीचं. थायलंडनेही १ जानेवारी २०२४ पासून, वर्षात १८० दिवस राहणाऱ्याने त्यानंतर मिळवलेलं परदेशी उत्पन्न देशात आणलं की ते करपात्र धरलं आहे. १९९६ च्या करकरारानुसार सोशल सिक्युरिटीवर फक्त अमेरिका कर लावते. खासगी निवृत्ती खात्यातून काढलेल्या पैशाचा हिशेब वेगळा.

नवरा वारला की त्याच्या एकट्याच्या नावावरचं खातं गोठतं, आणि व्हिसाचे पैसे नेमके तिथेच असतात. कोर्टाकडून वारसाव्यवस्थापक नेमून घ्यायला दोन-तीन महिने सहज जातात. थायलंडमधल्या मालमत्तेपुरतं वेगळं थाई मृत्युपत्र असलं तर काम हलकं होतं. ते दोन साक्षीदारांसमोर करावं, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार होऊ नये. मधल्या काळातला खर्च मात्र कुणासाठी थांबत नाही. वाटमधले (बौद्ध मंदिरातले) दिवस, भिक्खूंचं जेवण, आलेल्या गावाचं जेवण, दहन. म्हणून अनुभवी बायका स्वतःच्या नावावरच्या खात्यात सहा महिन्यांचा घरखर्च आणि अंत्यविधीचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवतात.